अठरा अंशांचा जावई

१८.०

लाल आकडा जागचा हलत नव्हता. पिंपातली बिअरही नाही. सिंद्रेने जुना फ्रीज कोठारात आणून त्याला तापमान राखणारं यंत्र जोडलं होतं. आत फार गार झालं तर दिवा तापवायचा, गरम झालं तर मोटर गार करायची. दारावर चिठ्ठी: "कृपया उघडू नये." आत नाताळची बिअर, आणि तीन दिवसांत झाकणावरच्या नळीतून एक बुडबुडा नाही, म्हणजे ती आंबतच नव्हती.

नुसती बिअर नासली असती तर ओतून दिली असती. पण तिच्यात पडलं होतं तोरलाइवचं, त्याच्या सासऱ्यांचं, बिअर आंबवायचं विरजण. ते वसंतात गेले. त्यांच्या घराण्यात पणज्यापासून चालत आलेलं ते विरजण एका बरणीत उरलं होतं, आणि सिंद्रेने ते सगळं ओतलं होतं. हे मेलं की संपलं.

सासूबाई, गुन्वोर, रोज सकाळी कॉफीचा पेला घेऊन येत आणि फ्रीजला कान लावत.

"झोपलंय वाटतं."

"आई, पुस्तकात अठराच दिलंय."

"मग अठराच. पुस्तक लिहिणारा काही वेडा नसेल."

"बाबा किती ठेवायचे?"

"ते हात बुडवायचे. हाताला कुठला आकडा? तुम्ही ओस्लोची शिकलेली माणसं. चालू द्या."

इथे वोसच्या डोंगरात माणूस एक वेळ बर्फात तोंडावर पडेल, पण जावयाच्या कामात बोलणार नाही.

२३.४

चौथ्या दिवशी बाजारातून येऊन बघतो तर हे. त्याने दिव्याची वायर उपटली.

२९.०

हे लाकडं फोडून आल्यावर. त्याने बर्गेनला बायकोला फोन लावला.

"रागना, दिवा बंद आहे, मोटर धडधडतेय, तरी चढतंय!"

"ताप आला असेल त्याला. आईला विचार."

"आईंना काय कळणार यातलं?"

"बरं," रागना म्हणाली, आणि का कोण जाणे, हसली.

३३.७

शेवटी स्वतःचीच चिठ्ठी बाजूला सारून त्याने दार उघडलं.

पिंपाने स्वेटर घातला होता. तोरलाइवचा, तपकिरी, कोपराला ठिगळ लावलेला. बाह्या पोटावर बांधलेल्या. वर लोकरी टोपी. स्वेटरच्या आत गरम पाण्याच्या दोन पिशव्या. इकडे मोटर जीव खाऊन गार करत होती, तिकडे सिंद्रे घराबाहेर पडला रे पडला की सासूबाई जीव खाऊन गरम करत होत्या.

आणि नळीत, बुडुक.

मग बुडुक, बुडुक, बुडुक.

सिंद्रे खाली बसला. त्याने स्वेटरवर हात ठेवला. मग त्याने मोटरची वायरही काढली, पाणी तापवलं, दोन्ही पिशव्या नव्याने भरल्या, टोपी सारखी केली आणि दार हळूच लावलं.

३८.८

दुसऱ्या सकाळी गुन्वोर एप्रनखाली किटली लपवून आल्या, तर सिंद्रे फ्रीजला कान लावून उभा.

"काय म्हणतंय यंत्र?"

"अडतीस पॉइंट आठ."

त्यांनी दार उघडलं, स्वेटरखाली हात घातला. पिशव्या गरमच.

"एक अंश कमीच आहे," म्हणाल्या, आणि किटली त्याच्या हातात दिली.

नाताळाआधी चार दिवस, संत थोमसच्या सणाला, रीतीप्रमाणे शेजारी नव्या बिअरची चव घ्यायला आले. शेजारच्या ब्यार्नेचं विरजण गेल्या वर्षी मेलं होतं. तिसरा पेला संपवून त्याने रिकामी बरणी पुढे केली.

"चमचाभर द्या, वहिनी. वर नाव कुणाचं लिहू?" विरजणाला सांभाळणाऱ्याचं नाव लावायचं, ही रीतच.

"तोरलाइव," सिंद्रे म्हणाला. "दुसरं कुणाचं?"

"ते गेले. बिघडलं तर ओरडायचं कुणावर?" गुन्वोर म्हणाल्या. "सिंद्रे लिही."

ब्यार्नेने डोळा मिचकावला. "ओस्लोचा सिंद्रे?"

"एवढी जागा कुठंय चिठ्ठीवर? आमचा लिही."