लॉक सुटला!

आमच्या शेजारच्या कांबळेसरांकडे जोरात चालायची सोय नव्हती. दारातच ते तोंडावर बोट ठेवून उभे असत. “हळू. लॉक सुटेल.”

त्यांची “लॉक सुटला!” ही आरोळी पहिल्यांदा ऐकली तेव्हा चोर समजून मी काठी घेऊन धावलो, आणि आमच्या हिने फोन करून कुलूपवाला बोलावला. सरांनी आम्हा सगळ्यांना पडवीत बसवून समजावलं. मागच्या खोलीत एका नळीच्या दोन टोकांना दोन आरसे समोरासमोर बसवलेत. लेझरचा प्रकाश त्यांच्यामध्ये येरझाऱ्या घालतो. आरशांमधलं अंतर हललं नाही, तर ती नळी म्हणजे प्रकाशाचा रंग मोजायची पट्टी. सर ज्या कॉलेजातून निवृत्त झाले, तिथली मुलं तिच्यावर वायूंचा वर्णपट मोजणार होती. पण आधी पट्टीच तपासायला हवी. त्यासाठी लेझर नळीशी जुळून राहायला हवा, आणि ते जुळणं म्हणजे लॉक. एक अख्खी सकाळ तो टिकला की काम फत्ते.

“आमच्या लायनीतला नाय ह्या,” म्हणून कुलूपवाला उठला.

सरांनी पंखे बंद केले, दारांना रबर लावलं. पण बायकोचं, शालनताईंचं, काय करणार? कालवणाला खोबरं हवं, म्हणून रोज सकाळी त्या मागच्या जांभ्याच्या पायरीवर नारळ आपटायच्या. आत पडद्यावरची, लॉक दाखवणारी रेघ उडायची.

“शालन, हळू गो! लॉक सुटला!”

“तुमचे आरसे तोंड तरी दाखवतात काय?” ताई तिथूनच विचारायच्या.

एकदा माझ्यादेखत त्या म्हणाल्या, “मला दाखवा तरी ती रेघ.” सर म्हणाले, “थांब, आधी स्थिर होऊ दे.” त्या खोलीत ताईंना प्रवेश नव्हता.

यंदा शालनताई गेल्या. साधा ताप, असं आम्ही सगळेच म्हणत राहिलो. अजून खरं वाटत नाही.

परवा सरांनी मला आत बोलावलं. पडद्यावरची रेघ सरळ होती. “अख्खी सकाळ टिकला,” ते म्हणाले. मी अभिनंदन केलं. ते काही हसले नाहीत.

“रेघ उडाली की मला कळायचं, कालवणाची तयारी सुरू. बांगड्याचं की सुरमईचं, एवढंच ओळखायचं बाकी. हे तिला सांगायला हवं होतं रे. आत बोलावून दाखवायला हवं होतं.”

मग त्यांनी कोपऱ्यातला नारळ माझ्या हातात दिला. “पायरीवर आपट. जोरात. ती आपटायची तसा.”

मी मागे गेलो आणि आपटला. पाणी पायावर सांडलं. आतून, सवयीने, हाक आली:

“शालन, हळू गो! लॉक सुटला!”

मी नारळाची दोन्ही भकलं हातात धरून उभा राहिलो. आत सर उत्तराची वाट बघत होते.