चपलांच्या गप्पा आणि पदवीचा मुख्य विषय

"पोरीला खालीच ठेवा माझ्यापाशी, ताई. वर नुसते कागद न्या," लिफ्टवाले काका म्हणाले होते. "सहाव्या मजल्यावर मूल नेलं, की खाली फाईल येते."

भिंगरीची आई हसली होती. दिवसभर वर-खाली करणाऱ्या माणसाला पुढचं काय दिसणार, असं तिला वाटलं. ती स्वतः पदवीधर होती, वर्तमानपत्रातल्या पुरवण्या जपून ठेवत होती, आणि शेजारणीच्या मुलाची फाईल दोन वर्षांपूर्वीच उघडली गेल्याचं तिच्या नजरेतून सुटलं नव्हतं.

सहाव्या मजल्यावर 'पदवी विषय निश्चिती व बिझनेस स्कूल पूर्वतयारी कक्ष' होता. भिंगरीचं वय चार वर्षं तीन महिने. समुपदेशकांनी जन्मतारीख पाहिली, चष्मा काढून पुसला आणि वाईट बातमी देणाऱ्या डॉक्टरांच्या आवाजात म्हणाले, "उशीर झालाय. पण हातपाय गाळू नका."

"अहो, तिला अजून बुटाच्या नाड्यासुद्धा..."

"नाड्या नंतर. बिझनेस स्कूलला जायचं, तर आधीची पदवी कशातली यावर सगळा डोलारा. तुमची कशात?"

"रसायनशास्त्रात."

"का बरं?"

"आवडायचं मला."

समुपदेशकांनी काहीतरी टिपून घेतलं. समोरच्याचा कागद उलटा वाचण्यात आईचा हातखंडा होता. 'कौटुंबिक इतिहास : आवड, आईकडून.'

"मग हिला वाणिज्य देऊ या?" तिनं घाईनं विचारलं.

"सगळेच देतात. प्रवेश समितीला जांभया येतात."

"अभियांत्रिकी?"

"ढिगानं आहेत."

"तत्त्वज्ञान? म्हणजे ते जरा वेगळं दिसतं, असं ऐकलं."

समुपदेशकांनी सुस्कारा सोडला. "गेल्या वर्षी आम्हीच तीनशे दहा मुलांना तत्त्वज्ञान दिलं. आता तिथं पाय ठेवायला जागा नाही. नाही हो, विषय आतून उमलायला हवा." असं म्हणून त्यांनी नमुना क्रमांक नऊ पुढे सरकवला. 'नैसर्गिक आवडीचे घोषणापत्र', तीन प्रतींत.

आणि इथंच आईच्या हातून ती गोष्ट झाली. खरं म्हणजे तिनं 'चित्रकला' असं लिहून मोकळं व्हायचं. पण शिकलेली बाई. फॉर्म खरा भरायचा, हे हाडीमाशी भिनलेलं. तिनं खरंच सांगून टाकलं. भिंगरी संध्याकाळी दारातल्या चपला मांडत बसते. जोड्या मोडून. बाबांच्या बुटाशेजारी आजीची चप्पल, आईच्या सँडलपाशी स्वतःचा रबरी बूट. का, तर दिवसभर वेगवेगळीकडे हिंडून आल्यावर त्यांना एकमेकांशी बोलायचं असतं म्हणून. मग ती जमिनीला कान लावून ऐकते आणि पोट धरधरून हसते.

समुपदेशक उभेच राहिले. "समाजशास्त्र! विभागाविभागांतला संवाद! बाई, तुमच्या दारात सोनं पडलंय आणि तुम्ही त्यावरून ये-जा करताय!"

खाली येताना काकांनी लिफ्टमध्ये आईच्या हातातली फाईल पाहिली. भिंगरीच्या डोक्यावर टपली मारून नुसतं म्हणाले, "बरीच जाडजूड झालीस गं."

दुसऱ्या दिवसापासून घराच्या दारावर वेळापत्रक लागलं. 'उत्स्फूर्त खेळ : चार ते चार चाळीस. पाणी पिण्यास मध्यंतर.' पुराव्यासाठी रोज तीन छायाचित्रं. बुटांची मांडणी मोडायची नाही असा नियम असल्यामुळे बाबा एक काळा आणि एक तपकिरी बूट घालून कामावर जाऊ लागले. तिकडे साहेबांना ते इतकं धाडसी वाटलं, की आठवड्याभरात अख्खा विभाग वेगवेगळे बूट घालून आला. सासूबाईंचं, म्हणजे भिंगरीच्या आजीचं, वेगळंच. त्यांना भाजी आणायला जायचं होतं.

"माझी चप्पल कुठाय?"

"अहो आई, ती बैठकीत आहे. चार चाळीसला मोकळी होईल."

"काय गं बाई! माझ्यापेक्षा माझ्या चपलेला मान."

पण चपलांवर भागणार नव्हतं. दुसऱ्या तिमाहीत 'नेतृत्व' हा रकाना उघडला. राहत्या इमारतीतली सहा मुलं अंगणात गोळा केली. पण सहाही जणांच्या फायली सहाव्या मजल्यावर होत्या, त्यामुळे सहाही नेते होते. सगळे पुढे चालले, सहा दिशांना. मागे चालायला माणूसच नाही! समुपदेशकांनी तातडीनं अनुयायी नेमण्याची शिफारस केली. फाईल नसलेली, सवड असलेली आणि दोन पायांवर चालणारी व्यक्ती इमारतीत एकच होती.

"आयुष्यभर या घरात कुणी माझं ऐकलं नाही," सासूबाई म्हणाल्या, "आणि आता चार वर्षांच्या पोरीच्या मागून रांगेत चालू?"

चालल्या. आणि इतक्या चांगल्या चालल्या, की मागणी वाढली. सोमवारी तिसरा मजला, मंगळवारी तळमजला, बुधवारी शेजारणीचा मुलगा. गुरुवारी घरच्या भिंगरीलाच तारीख मिळेना. "पुढल्या महिन्यात बघते हं," सासूबाई वही चाळत म्हणाल्या. "आधी नाव नोंदवायचं असतं."

सगळं सुरळीत चाललं असताना अडचण निघाली ती शेवटून दुसऱ्या रकान्यात.

"अपयश कोरं आहे," समुपदेशक म्हणाले. "बिझनेस स्कूल निबंधात विचारतं, तुमचं अपयश सांगा. मुलगी पाच वर्षांची होत आली आणि अजून एक अपयश नाही? दिवसभर करता काय तुम्ही घरी?"

आईला मेल्याहून मेल्यासारखं झालं. घरी येऊन तिनं पाट मांडला आणि भिंगरीला सांगितलं, "यावरून उडी मार आणि पड." भिंगरी पडली. आणि इतकी खिदळली, की पुन्हा पडली. छायाचित्रं परत आली. शेरा होता, 'अपयशात हसू ग्राह्य नाही.' मग चेंडू झाला, कोडं झालं, मनोरा झाला. पोरगी हरायची आणि टाळ्या वाजवायची. कशाचं म्हणून तिला वाईट वाटेना. आईचं वजन दोन किलोंनी उतरलं.

मग एका मंगळवारी चारचा गजर झाला. आई कॅमेरा सरसावून दारात बसली. भिंगरी आली आणि तिनं चपला लावल्या. जोडीला जोडी, टाचेला टाच, ओळीत. बाबांचे दोन्ही बूट शेजारी शेजारी, आजीच्या चपला कडेला.

"अगं, असं काय? त्यांना बोलायचंय ना?"

"चपला कुठं बोलतात, आई," भिंगरी म्हणाली. समजावून सांगितल्यासारखं, मोठ्या माणसाच्या आवाजात. "चाळीस मिनिटं झाली का?"

"अजून एकच झालंय."

"बरं." ती भिंतीला टेकून उरलेल्या एकोणचाळीस मिनिटांसाठी बसून राहिली.

आईनं सहाव्या मजल्यावर फोन लावला. सगळं ऐकल्यावर पलीकडून आनंदाची आरोळी आली. "अभिनंदन! मिळालं! 'पाच वर्षांच्या आत नैसर्गिक आवड समूळ गमावली.' असं अपयश तीनशे दहांतल्या एकाकडेही नाही! आता शेवटचा रकाना तेवढा भरून आणा, 'यातून काय शिकलो'."

आणि खोटं कशाला सांगायचं, क्षणभर आईलासुद्धा हायसं वाटलं. ती पेन शोधायला उठलीसुद्धा. पेन शोधताना तिची नजर दाराकडे गेली. तिनं हळूच आपली एक सँडल उचलून सासूबाईंच्या चपलेशेजारी ठेवली आणि जमिनीला कान लावला. काहीच ऐकू आलं नाही.

भिंतीला टेकलेल्या भिंगरीनं उठून सँडल पुन्हा जोडीत लावली.

मग आईनं शेवटचा रकाना भरला. शिकलेली बाई; फॉर्म खराच भरायचा.

'ही फाईल जो कोणी वाचत असेल त्यास. आपल्याही घरी मूल असेल, आणि आपण वाचत बसला आहात तोवर शेजारच्या खोलीत छान शांतता असेल. कृपया उठा आणि एकदा बघून या, ते खेळतंय की खेळून दाखवतंय. पण दार अगदी हळू उघडा. तुम्ही दिसलात, की ते लगेच खेळायला लागेल.'