हबीबसरांची डिग्री

हबीबसर कॉम्प्युटरवर टाइप करत, तेव्हा ओळ संपली की त्यांचा डावा हात आपोआप वर जाई आणि मॉनिटरची कड धरून त्याला उजवीकडे ढकली. टाइपरायटरची दांडी अशीच ढकलायची असते, आणि सरांचं सगळं आयुष्य टाइपरायटरवर गेलेलं. ढकलताना तोंडाने हळूच "टिंग" असंही म्हणत. तेव्हाचे मॉनिटर चांगलेच जड असत. तरी प्रॅक्टिकलचा तास संपेपर्यंत सरांचा मॉनिटर सरकत सरकत माझ्या टेबलावर आलेला असे आणि मी माझा कीबोर्ड मांडीवर घेऊन बसलेलो असे.

"विलास, तू काऊन माह्या मशीनमदे पाहून राह्यला बे?" असं वर मलाच विचारत.

सिंदेवाहीत त्यांची टायपिंग इन्स्टिट्यूट होती. आमच्या भागातल्या तहसील कचेऱ्यांत, कोर्टांत, जंगल खात्यात जे कारकून बसलेले असत, त्यांतले अर्धेअधिक हबीबसरांच्या हाताखालून गेलेले. मीही गेलो होतो. पुढे बी.ए. होऊन घरी बसलो आणि कुणीतरी सांगितलं म्हणून चंद्रपूरच्या एका कॉलेजात कॉम्प्युटरच्या दोन वर्षांच्या डिग्रीला नाव घातलं. कोणत्याही शाखेचा पदवीधर चालत होता. पहिल्या दिवशी गाडीत चढलो तर समोरच्या बाकावर हबीबसर. इस्त्रीचा शर्ट, खिशाला दोन पेनं, मांडीवर जेवणाचा डबा.

"सर, चंद्रपूरले काही काम?"

"काम नाई. कॉलेजले चाललो. तू भी तिथीच चालला ना?"

मला आधी वाटलं, शिकवायला चाललेत.

वर्गात आम्ही सगळे बाविशी-तेविशीतले आणि मध्ये केस पिकलेले हबीबसर. आमच्या वैशाली मॅडम म्हणजे सरांचीच जुनी विद्यार्थिनी. त्या वर्गात आल्या की सर सगळ्यांच्या आधी उठून उभे राहत. मॅडम कावऱ्याबावऱ्या होत. "सर, बसा ना तुम्ही," असं पुटपुटत. शेवटी एके दिवशी हबीबसरांनी भर वर्गात सांगितलं, "मॅडम, इथी मी सर नाई. तुमी मले सर म्हणता, मंग हे पोट्टे हासतात." दुसऱ्या दिवशी हजेरीला मॅडम कशाबशा "हबीब शेख" म्हणाल्या आणि लगेच सवयीने "सर" जोडून मोकळ्या झाल्या.

चुकीचं अक्षर खोडणं सरांच्या तत्त्वात बसत नव्हतं. टायपिंगच्या परीक्षेत खाडाखोड चालत नाही, म्हणून प्रोग्राममध्ये एक अक्षर चुकलं की ते सगळा प्रोग्राम पुसून पहिल्या ओळीपासून सुरू करत. मध्येच वीज गेली, तर आम्ही कपाळाला हात लावायचो आणि सर शांतपणे डबा उघडायचे. तोंडी परीक्षेला बाहेरगावचे परीक्षक आले होते. त्यांनी विचारलं, "ऑपरेटिंग सिस्टिम म्हणजे काय?" सर म्हणाले, "घरची बाई असते सर ते. सगळं तेच चालवते आन् कोनाले दिसत नाई. बंद पडली का मंग समजते." परीक्षक हसून हसून चष्मा पुसत बसले. मार्क मात्र बरे दिले.

पण त्यांचा खरा छंद वेगळाच होता. मॅडम काहीही शिकवोत, सर हात वर करून एकच विचारत, "मॅडम, हे काम जो मानूस करते, तो दिवसभर करते काय?" मॅडम सर्व्हरबद्दल सांगायच्या, आणि सरांना पाहिजे असे की सर्व्हर सांभाळणारा माणूस किती वाजता जातो, त्याला जेवायची सुट्टी असते का, एसीच्या खोलीत त्याचे पाय गार पडत असतील का, डोळे दुखत असतील का. वर्ग हसायचा. मॅडमनी एकदा वैतागून म्हटलं, "ते सिलॅबसमध्ये नाही." सरांनी मान डोलावली आणि पुढच्या तासाला पुन्हा तेच विचारलं.

आम्हा सगळ्यांची समजूत अशी, की टायपिंगचे दिवस संपले म्हणून सर शिकताहेत. उद्या इन्स्टिट्यूटमधले टाइपरायटर काढतील आणि कॉम्प्युटर मांडतील. तसं बोललं की "टाकू, टाकू क्लास" म्हणायचे. दुसऱ्या वर्षी, धानाची कापणी चालू होती तेव्हा, आमची गाडी मूल स्टेशनच्या पुढे बराच वेळ उभी राहिली. डब्यात फारसं कुणी नव्हतं. सर खिडकीतून धानाच्या बांध्यांकडे पाहत होते. तसंच पाहत म्हणाले,

"आमचा सलीम हे सारं माह्या आधीच शिकला होता."

सलीम त्यांचा एकुलता एक मुलगा. हैदराबादेत कॉम्प्युटरच्या कंपनीत आहे, एवढं गावाला माहीत होतं. तो घरी का येत नाही, ते मला त्या दिवशी कळलं. त्याला नागपूरला जाऊन कॉम्प्युटर शिकायचं होतं, सरांना तो इन्स्टिट्यूटवर बसायला हवा होता. भांडण झालं ते टायपिंगची बॅच भरलेली असताना, सगळ्या पोरांसमोर. सर म्हणाले होते, "दोन दिसाचा तमाशा हाय हा. बुडशील तवा वापस येशील, पन माहा दरवाजा बंद राहीन." सलीम त्याच संध्याकाळी गेला. मामाकडे राहून शिकला, हैदराबादला लागला. आता चौकातल्या एसटीडी बूथवर त्याचा फोन येई. त्याची आई जुबेदाचाची जाऊन बोलत, आणि सर बाहेर रस्त्यावर उभे राहत.

"तो काय करते ते तिले समजत नाई," सर म्हणाले. "मले भी समजत नव्हतं. म्हनलं, शिकून पाहू. बापाले पोराचं काम तं मालूम पाहिजे ना."

गाडी हलली, तेव्हा दोघांनाही बरं वाटलं.

निकाल लागला. हबीबसर सेकंड क्लासमध्ये पास झाले. पेढ्यांचा पुडा घेऊन सकाळीच माझ्या घरी आले आणि म्हणाले, "चाल, फोन कराचा हाय." बूथमध्ये मला सोबत घेऊनच शिरले. नंबर लागला. सरांनी शर्टाचं वरचं बटण लावलं आणि म्हणाले, "हॅलो. मैं हबीब शेख बोल रहा हूँ. सिंदेवाही से."

स्वतःच्या मुलाशी बोलत होते ते.

पलीकडून काय बोलणं झालं ते मला ऐकू येत नव्हतं. सरांनी डिग्रीचं सांगितलं, विषय सांगितले, टक्के सांगितले. मग बराच वेळ नुसतं ऐकत राहिले. त्यांचा चेहरा उतरत गेला. मध्ये एकदा "कब से?" म्हणाले. शेवटी म्हणाले, "खाना खाया क्या बेटा? खा ले." आणि फोन ठेवला.

बाहेर आल्यावर पेढ्यांचा पुडा त्यांनी माझ्या हातात दिला. आम्ही बाजार ओलांडला.

"कंपनी बंद पडली त्याची," मग म्हणाले. "कवाचीच. चपलेच्या दुकानात हाय तो. अम्मीले सांगितलं नाई त्यानं. मले काऊन सांगितलं असंन?" मग चालता चालता म्हणाले, "माहं म्हननं खरं झालं विलास. खोटं व्हाले पाहिजे होतं."

घर आलं. जुबेदाचाची दारातच उभ्या होत्या. "क्या बोला?" हबीबसरांनी चपला काढल्या, पाय धुतले आणि मोठ्या आवाजात सांगितलं की सलीमला बढती मिळाली. आता सर्व्हरवर बसवलंय त्याला. मोठं जोखमीचं काम.

त्या दिवसापासून हबीबसर गावभर मुलाच्या नोकरीबद्दल बोलू लागले. चहाच्या टपरीवर, मशिदीबाहेर, बँकेच्या रांगेत. आधी कधी त्याचं नाव घेत नसत. आता सर्व्हर म्हणजे काय, डेटाबेस कोसळला तर कंपनीत कशी धावपळ होते, सलीम तो कसा उभा करतो, सगळं रंगवून सांगत. दोन वर्षांत शिकलेलं सगळं त्यात येई, आणि तांत्रिक चूक एकही नसे. मी असलो की मधूनच विचारत, "बराबर सांगून राह्यलो ना मी?"

"बरोबर, सर."

कॉम्प्युटर क्लास त्यांनी टाकला नाही.

पुढच्या ईदला सलीम आला. किती वर्षांनी ते चाचींनी मला दोनदा सांगितलं आणि दोन्ही वेळा रडल्या. बैठकीत दहा-पंधरा माणसं शीरखुर्म्याच्या वाट्या घेऊन बसली होती. सलीम अंगाने रोड, बोलायला हळू. एका नातेवाइकांनी त्याला विचारलं, "बेटा, तू नेमकं काय करतो रे तिथी? तुहे अब्बा लय सांगतात, आमाले काही समजत नाई."

सलीमचा चमचा वाटीतच राहिला. तो काही बोलणार, तेवढ्यात हबीबसर सुरू झाले. "तो काय सांगीन? त्याले फुरसत कुठी हाय? मी सांगतो." आणि त्यांनी सांगितलं. सकाळी किती वाजता जातो, आधी कोणत्या मशीन तपासतो, एसीत थंडी वाजते म्हणून स्वेटर घालून बसतो, जेवायला उशीर होतो, डोळे दुखतात. सलीम वडिलांकडे पाहत राहिला. सांगून झाल्यावर सरांनी त्याच्याकडे वळून विचारलं, "बराबर हाय ना, बेटा?"

"हो अब्बा," सलीम म्हणाला. मग वाटी खाली ठेवून आत गेला तो बराच वेळ बाहेर आला नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारच्या गाडीने तो परत निघाला. स्टेशनवर आम्ही तिघंच होतो. त्याने वाकून वडिलांना सलाम केला. सरांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि तो गाडी हलेपर्यंत काढला नाही. दोघं त्या दुकानाबद्दल, त्या जुन्या भांडणाबद्दल एक अक्षर बोलले नाहीत.

गाडी गेल्यावर मला राहवलं नाही. "सर, त्याले थांब काऊन नाई म्हटलं? तो थांबला असता. मले तं तसंच वाटलं."

"मले भी वाटलं," हबीबसर म्हणाले. ते अजून रुळांकडेच पाहत होते. "पन थांब म्हनलो असतो, तर लोकायनं विचारलं असतं ना बेटा, एवढी मोठी नोकरी सोडून काऊन आला म्हनून. त्याले खरं सांगा लागलं असतं."

मग ते वळले आणि घराकडे चालू लागले. वाटेत भेटणाऱ्याला आपणहून सांगत होते, सलीमला सुट्टीच मिळत नाही म्हणून.