नाव तेच, खेळ दुसरा

हिवरखेडकर मास्तर सिनेमाचा पहिला भाग कधीही पाहत नसत. पाहायचे ते फक्त दुसरा. तोही उतरायच्या बेताला आला, टॉकीजमध्ये माणसांपेक्षा खुर्च्यांतले ढेकूण जास्त उरले, की मग काळी टोपी चढवून आणि काखेत छत्री मारून दुपारच्या खेळाला निघायचे. हा माणूस आमच्या अकोल्याच्या शाळेत संस्कृत शिकवतो, हे बाहेरगावच्या लोकांना सांगूनही पटत नसे.

पन्नास सालानंतरचे ते दिवस. नकाबवाल्यांच्या मारामारीच्या चित्रांना ऊत आला होता. त्यातल्या एकाने तर गावाला वेडच लावलं. काळा नकाब घातलेला नायक पुलावरून धावत्या गाडीवर उडी टाकी, गरिबांना सोडवी, नाव न सांगता निघून जाई आणि अगदी शेवटी नकाब काढी. बार्शीटाकळीहून बैलगाड्या भरून लोक येत. आमचे हेडमास्तर 'मुलं काय बघतात ते बघायला' म्हणून गेले आणि खात्री करून घ्यायला पुन्हा गेले.

पुढल्या वर्षी त्याचा दुसरा भाग आला. नाव तेच. घोडे मात्र दोन, खलनायक दोन आणि पोस्टर भिंतीत मावेना एवढं. टांग्यात भोंगा बांधून गावभर पुकारा झाला. पहिल्या दिवशी खिडकीवर सदरे फाटले, आणि आठवड्याच्या आत टॉकीजचा मालक दारात माशा मारत उभा.

चित्र का पडलं, यावर शिक्षकांच्या खोलीत खल झाला. ड्रिलमास्तर म्हणाले, नायकाचं पोट सुटलंय. सायन्सचे मास्तर म्हणाले, घोडा तो नाहीच. हेडमास्तरांनी समाजाच्या घसरलेल्या अभिरुचीवर बोलायला सुरुवात केली, तेव्हा कोपऱ्यातून आवाज आला,

"तुमी कोणाले पाहाले गेलते?"

हा 'कोणाले?' म्हणजे हिवरखेडकरांचा ठेवणीतला सवाल. वर्गात एखाद्या पोराला कोणी म्हणालं, 'तुझा थोरला भाऊ किती हुशार होता रे', की मास्तर उसळून विचारत, "तुमी कोणाले शिकवून राहिले? याले का याच्या भावाले?" बोलणारा मास्तर आठवडाभर त्यांच्या वाटेला जात नसे.

"नावानं घात केला त्याचा," मास्तर पुढे म्हणाले. "नाव तेच ठेवलं, म्हणून लोक तोच शोधत बसले. हा बिचारा पडद्यावर जीव तोडून उड्या मारून राहिला, आन् याच्याकडे कोणी पाहूनच नाई राहिलं. कुळकर्णी, तुमी पाह्यला का पैला?"

मी तेव्हा नुकताच अमरावतीहून बदलून आलो होतो. पहिला भाग हुकला होता, असं मी सांगितलं.

"मंग चाला रविवारी माह्यासंगं. तुमीच लायक हाये."

रविवारी दुपारी मी त्यांच्या घरी गेलो. पुढच्या खोलीत त्यांची आई बाजेवर बसून वाती वळत होती. मास्तरांच्या पत्नी चहा घेऊन आल्या. किरकोळ अंगाच्या, तिशीतल्या बाई, मान खाली. मी घोट घेतला. चहा चांगला होता, आणि तसं मी म्हटलंही.

"कायचा चांगला!" म्हातारी म्हणाली. "पैल्या रमेच्या हातचा प्यायला असता तुमी! ही आपली नावाची रमा."

मी भिंतीकडे पाहिलं. तिथे हार घातलेला एका हसऱ्या बाईचा फोटो होता. बाईंनी माझ्या हातातून कप घेतला. त्यांचा चेहरा जराही हलला नाही. हे त्यांच्या रोजच्या सवयीचं झालेलं होतं, आणि मला त्याचंच वाईट वाटलं. मास्तर टोपीशी चाळा करत उभे होते.

"लुगडं बदल," ते एकदम म्हणाले. "तू बी चाल सिनेमाले."

"आन् संध्याकाळचा सैपाक?" म्हातारीने विचारलं.

"वापस येऊन करन ते."

आम्ही दोघे पुढे आणि बाई दहा पावलं मागे, असे निघालो. थोडं पुढे गेल्यावर मास्तर हळू आवाजात म्हणाले, "पैली बाळंतपणात गेली. वर्ष झालं नाई तं मायनं ही आणली, मोर्शीची. लग्नात तांदळात अंगठीनं नवरीचं नवं नाव लिवतात नं, तवा माय म्हने, तोंडात बसलेलं नाव हाये, कायले बदलता? मी लिवलं 'रमा'. जन्मभर पोराईले शब्दाचे अर्थ सांगून राहिलो, आन् हे नाई समजलं, का मी त्या ताटात काय लिवून राहिलो. चवदा वर्षं झाले. घरात कोणीच नाई पाह्यलं तिच्याकडे. मी बी नाई."

छत्री मी उगाच या हातातून त्या हातात घेतली. ती त्यांचीच होती; माझ्या हातात कधी आली कोण जाणे.

टॉकीजमध्ये बायकांची बाजू वेगळी असे, पण इतक्या रिकाम्या हॉलमध्ये डोअरकीपरने हरकत घेतली नाही. बाई मास्तरांच्या शेजारी अंग चोरून बसल्या. चित्र सुरू झालं. नायकाचं पोट सुटलं होतं हे खरं, पण तो गाडीवर उडी टाकताना बाईंनी खुर्चीचा हात घट्ट धरला, आणि तो वाचला तेव्हा त्या चक्क हसल्या.

मध्यंतर झालं, दिवे लागले. मास्तर समोरच्या पडद्याकडे बघत म्हणाले, "वेणू."

बाईंनी मागे वळून पाहिलं. मागे कोणीच नव्हतं. मीही पाहिलं.

"वेणू," मास्तर पुन्हा म्हणाले. "तुलेच म्हनून राहिलो. कसा वाटून राहिला सिनेमा?"

त्या काळी चारचौघांत बायकोला नावाने हाक मारायची कोणाची छाती नव्हती, आणि हे तर माहेरचं नाव. त्यांनी पदर तोंडाला लावला. दिवे विझायला लागले तेव्हा मला त्यांचा आवाज पहिल्यांदा ऐकू आला.

"मी पैला पाह्यलाच नाई नं," त्या म्हणाल्या. "मले तं लय चांगला वाटून राहिला."

मास्तरांनी चष्मा काढून धोतराच्या सोग्याने पुसला, आणि चित्र पुन्हा सुरू झालं तरी तो डोळ्यांवर चढवला नाही.