बाबीनचं शिक्षण

कुत्रं शिकवणं म्हणजे काय मोठं काम! सुरतजवळ कडोदऱ्याच्या लूमखात्यात, म्हणजे यंत्रमागाच्या कारखान्यात, मी बावीस वर्षं मास्टर आहे. ज्यांना चपला सरळ पायात घालता येत नव्हत्या, त्यांना मी आठवड्यात लूम चालवायला शिकवलं आहे. म्हणून अंधांना वाट दाखवणारी कुत्री तयार करणाऱ्या संस्थेच्या अनुजा मॅडमनी जेव्हा विचारलं, "पंडितभाऊ, वर्षभर पिल्लू सांभाळाल का?" तेव्हा मी छाती फुगवून हो म्हणालो.

पिल्लू मोठं होऊन गायत्रीचं होणार होतं. ती आमच्या भेस्तानचीच, एकोणीस वर्षांची, तिला जन्मापासून दिसत नाही. तिला कॉलेजला न्यायला रोज तिचा भाऊ अमित लागायचा आणि त्याला हजीऱ्याला नोकरी लागली होती. कुत्रं तयार झालं तर जूनपासून पोरगी एकटी जाणार होती. नाहीतर शिक्षण बंद!

मॅडमची एकच सूचना होती: पिल्लाला गर्दीची, आवाजाची सवय लावा. आवाज? माझ्याकडे ऐंशी लूम होते! शेठची परवानगी काढली आणि पिल्लाला रोज खात्यात नेऊ लागलो. लूमवरच्या सुताच्या रिळावरून नाव ठेवलं बाबीन. आठ दिवसांत तो खडखडाटात घोरू लागला.

आता खात्यात तोंडाने बोललेलं कुणालाच ऐकू येत नाही. सगळा कारभार हातांनी चालतो. तळवा खाली म्हणजे बस, मूठ वर म्हणजे थांब, बोटं हलवली की चल, दोन बोटं म्हणजे चहा. बाबीन महिन्याभरात सगळं शिकला. दोन बोटं दिसली की तो कारागिरांच्या आधी टपरीवर पोहोचायचा.

मॅडम दर महिन्याला घरी येऊन बघून जायच्या. त्या "बस" म्हणायच्या, मी त्यांच्या मागे उभा असायचो आणि माझा हात सवयीने खाली जायचा. बाबीन बसायचा. मॅडम वहीत 'उत्तम' लिहायच्या. माझी बायको उषाबाई शेजारणींना पेढे वाटायची तेवढी राहिली होती.

परीक्षेच्या दिवशी उषाबाईही सोबत आली होती. मैदानात गायत्रीने पट्टा धरला आणि "चल" म्हणाली. बाबीन वळून तिच्या हाताकडे बघत बसला. ती पुन्हा म्हणाली. तो पुन्हा बघत बसला. मी लांबून बोटं हलवली. बाबीन सुटला! पोरगी फरफटली. मी घाबरून मूठ वर केली. तो जागीच थांबला, ती त्याच्यावरून पुढे पडली आणि तिचे दोन्ही गुडघे फुटले. "मॅडम, दोनच मिनिटं द्या," असं म्हणत मी दोन बोटं दाखवली आणि बाबीन फाटकाबाहेरच्या चहावाल्याकडे पळाला.

मॅडमना सगळा उलगडा झाला. दुसरं कुत्रं तयार व्हायला दीड वर्ष लागेल, असं त्यांनी सांगितलं. मला जमिनीने पोटात घ्यावं असं झालं.

निघताना बाबीनच्या डोक्यावर हात ठेवून गायत्री मला काहीतरी म्हणाली. बावीस वर्षांच्या लूमने माझे कान कधीच खाल्ले आहेत. हळू बोललेलं मला कळत नाही, आणि तसं सांगायची लाज वाटते. अशा वेळी मी जे करतो तेच केलं आणि बाबीनला घेऊन रिक्षात बसलो.

रिक्षात उषाबाईने विचारलं, "ती पोर काय बोलनी, आयकू उनं का तुमले?"

"आभार मानले असतील," मी म्हणालो.

उषाबाई माझ्या कानाशी तोंड आणून ओरडून म्हणाली, "ती बोलनी, काका, वर्षभरात तुम्ही याच्याशी एकदाही बोलला नाहीत का?" मग डोळे पुसत म्हणाली, "आनि तुम्ही जबाबच दिन्हा नही."

दिला होता हो! मी हसून तिच्यापुढे मान हलवली होती.