खांद्यावरच्या गोबूसंबंधी कौटुंबिक ठराव

एखादा माणूस एकटा आहे, हे रीतसर सिद्ध करायला किमान चार माणसं लागतात. माझ्या सासूबाईंना, म्हणजे अमरावतीच्या सिंधूबाईंना, ही चारही घरचीच मिळाली, हे त्यांचं भाग्य. अध्यक्ष त्यांचे थोरले बंधू बापूसाहेब (अकोल्याचे निवृत्त वकील, निवृत्ती फक्त पक्षकारांना मान्य). सदस्य सासूबाईंची मुलगी जुईली, तीही अकोल्याचीच. प्रस्तावक सासूबाईंचा मुलगा ईशान, मुक्काम पुणे, हजेरी मोबाइलवर. आणि इतिवृत्त लिहायला मी, जुईलीचा नवरा. जावयाला मत नसतं, ताट असतं.

प्रस्ताव सासूबाईंना सोबत आणण्याचा. परदेशातली एक कंपनी गोबू नावाचा छोटा रोबो बनवणार आहे. मुठीएवढा, लोकरीचा, बोरासारख्या डोळ्यांचा. चिमटा लावला की खांद्यावर बसतो. आपण बोललो की मान वळवतो, गप्प राहिलो की गुणगुणतो आणि दर दोन तासांनी ‘जेवलीस का’ विचारतो. यापलीकडे तो काहीही करत नाही (तरी आमच्यापेक्षा बरंच करतो). अडचण एवढीच, की गोबू अजून जन्मलेला नाही. पाच आठवड्यांत तीन हजार लोकांनी आगाऊ पैसे भरले तरच तो जन्मणार.

“म्हंजे वर्गणी,” बापूसाहेबांनी ओळखलं. “मंग पावतीपुस्तक कोनापाशी हाये?”

“मामा, पावती ईमेलवर येते,” मोबाइलमधून ईशान म्हणाला.

“अन् खजिनदाराचं घर? कोनी पाह्यलं का?”

कोणीच पाहिलं नव्हतं. सभा पुढच्या रविवारवर गेली. सासूबाईंनी पाटोडीचा रस्सा वाढला.

दुसऱ्या सभेत सासूबाईंनी मूलभूत प्रश्न काढला. कंपनीच्या चित्रांतली सगळी माणसं जाकीट घालून होती. “माह्या डाव्या खांद्यावर पदर असते. हे पदराच्या वर बसन का खाली?” वर बसला तर पदरासकट घसरणार, खाली बसला तर त्याला अंधारात एकटं वाटणार. एकटेपणाच्या उपायालाच एकटं वाटू लागलं तर त्याच्यासाठी वेगळी वर्गणी काढावी लागेल, असं अध्यक्षांनी मत नोंदवलं. प्रात्यक्षिक घ्यायचं ठरलं.

तिसऱ्या रविवारी बापूसाहेबांनी गोबूच्या नेमक्या वजनाचं वांगं अकोल्याहून तोलून आणलं (अमरावतीच्या काट्यावर त्यांचा विश्वास नाही). ते सेफ्टीपिनेनं सासूबाईंच्या खांद्यावर लावलं. चार तास त्या वांगं लावून घरभर फिरल्या, आम्ही मागे मागे फिरलो. ईशानला मी मोबाइलवरून सगळं दाखवत होतो. पोळ्या लाटताना त्या हलकेच गुणगुणल्या:

*खांद्यावरल्या राघू, तुले काय सांगू बाई,*
*सोमवार-शनवार माह्या दारी कोनी नाई.*

(गाणं विषयपत्रिकेबाहेरचं असल्यामुळे त्यावर चर्चा झाली नाही.)

निष्कर्ष: वांगं घसरलं नाही. जेवलीस का, असंही त्यानं विचारलं नाही. बाकी सहवास समाधानकारक. संध्याकाळी त्याचं भरीत झालं.

चौथ्या सभेत रंगावर चर्चा झाली. पाचव्या आणि अंतिम सभेसाठी आकडेवारी सादर करणं माझं कर्तव्य होतं, ती अशी. प्रस्तावापूर्वीच्या पाच आठवड्यांत सासूबाईंच्या दारी आलेले लोक: चार. पैकी गॅस सिलिंडरवाला एक, मीटर रीडिंगवाला एक, पत्ता चुकलेले दोन. प्रस्तावानंतरच्या पाच आठवड्यांत: बापूसाहेब पाच वेळा, आम्ही दोघं पाच वेळा, आणि पत्ता चुकलेल्या दोघांपैकी एक, पुन्हा (त्याला सांभारवडी आवडली होती). ही आकडेवारी विषयाशी संबंधित नाही, असा निर्णय अध्यक्षांनी दिला.

त्या दिवशी पैसे भरण्याचं बटण दाबायला ईशान स्वतः पुण्याहून आला होता. दोन वर्षांनी. ठराव एकमतानं मंजूर झाला. मुदत दुसऱ्या दिवशी सकाळी संपणार होती. ईशाननं मोबाइल काढला.

“आज नको रे राजा, अमावस्या हाये,” सासूबाई म्हणाल्या. “उद्या दाब.”

“आई, उद्या सकाळी मुदत संपते!”

“तं सकाळी लवकर ऊठ. आज राह्य इथंच.”

तो राहिला. सकाळी त्याला कोणी उठवलं नाही (उठवण्याची जबाबदारी सासूबाईंनी स्वतःकडे घेतली होती). तो जागा झाला तेव्हा कंपनीनं संकेतस्थळावर लिहिलं होतं: गोबू होणार नाही, एकसष्ट जण कमी पडले. ईशानला फार वाईट वाटलं. सासूबाईंनी त्याला गोळाभात वाढला आणि ‘आणखी घेतो का’ असं सहा वेळा विचारलं.

विषय संपला म्हणून समिती विसर्जित झाली. पुढच्या रविवारी कोणीच गेलं नाही. पाटोडी पाच जणांची झाली होती, असं नंतर कळलं.

बुधवारी कुटुंबाच्या ग्रुपवर सासूबाईंनी आयुष्यातली पहिली लिंक पाठवली. आपोआप गोळ्या देणारी, बोलणारी डबी. खाली लिहिलं होतं: ‘घ्यावं का नाही, मले एकटीले समजून नाही राहिलं. रविवारी या. वांगं आणू नका, इथं मिळते.’

समिती पुनर्गठित झाली आहे. सासूबाईंना रोज कोणतीही गोळी लागत नाही, हे सर्वांना माहीत आहे. पण प्रक्रिया ती प्रक्रिया.

आपल्या घरी अशी समिती नाही म्हणून वाचकांनी हळहळू नये. परवा तुमच्या आईनं फोनवर सांगितलं ना, मिक्सर आवाज करतो, येऊन एकदा पाहून जा?

मिक्सर ठीक आहे.