जावककाकांचं चहाचं बोलावणं

ऑफिसात ईमेल पाठवायला सगळ्यांनाच येतं, पण तो पाठवावा कसा हे फक्त आपल्यालाच कळतं, असा जावककाकांचा दावा होता. आणि दाव्यात तथ्य होतं हो! कपाटं बनवणाऱ्या त्या कंपनीत तीस वर्षं ते आवक-जावक सांभाळत होते. आधी पाकिटं, मग फॅक्स, मग ईमेल. त्यांचं खरं नाव कुणाच्या लक्षात नव्हतं. साहेबांपासून झाडणाऱ्या मावशींपर्यंत सगळे त्यांना जावककाकाच म्हणत.

कुणी नवीन कामाला लागलं की काका त्याला शेजारी बसवून घ्यायचेच.

"हा टू, हा सीसी. इथली नावं सगळ्यांना दिसतात. आणि हा बीसीसी! ह्यात नावं टाक. पत्र प्रत्येकाला पोचेल, पण दुसऱ्या कुणाला गेलंय ते कुणाच्या बापाला कळणार नाही!"

"आणि हा वरचा फ्रॉम?"

"पत्र कुणाच्या नावानं जाणार, ते तिथं ठरतं. माझ्याकडे दोन खाती आहेत. एक माझं आणि एक आस्थापना विभागाचं. रजा, बदल्या, ताकीद, सगळी परिपत्रकं त्या खात्यातून मीच सोडतो." हे सांगताना काकांची छाती दोन इंच फुगायची.

घरी मात्र सगळा आनंदच होता. काकू जाऊन दोन वर्षं झाली होती. मुलगा लांबच्या शहरात. रविवारी अकराला त्याचा फोन यायचा. "जेवलात? औषध घेतलं? बाकी काय?" त्या 'बाकी काय'वर काकांकडे सांगण्यासारखं पुष्कळ असायचं, पण तोंड उघडेपर्यंत पलीकडून "बरं, ठेवतो" आलेलं असायचं. मग दिवसभर घरात बोलायचं कोणाशी? एकदा तर ते कुकरला "झालं, झालं, कळलं!" म्हणाले आणि स्वतःच दचकले. एकटेपणा माणसाला खातो, स्पष्टच सांगतो, आणि काकांना तो रोज थोडा थोडा खात होता.

एका शुक्रवारी दुपारी त्यांनी ठरवलं. बस्स! रविवारी ऑफिसातल्या माणसांना घरी चहाला बोलवायचं. तीस वर्षांत एक माणूस घरी आलेला नाही, कुणाला पत्तासुद्धा ठाऊक नाही, हे काय जगणं झालं?

जवळची म्हणता येतील अशी चोवीस नावं निघाली. पण आली का पंचाईत! पहिलं नाव कुणाचं लिहायचं? हिशेबनिसांचं आधी लिहिलं तर गोदामवाले फुगणार. गोदामवाल्यांचं लिहिलं तर आस्थापनाच्या बाई महिनाभर बोलणार नाहीत. काका स्वतःशीच हसले. अहो, बीसीसी कशासाठी आहे! चोवीसच्या चोवीस नावं त्यांनी बीसीसीत कोंबली. फ्रॉमचा रकाना उगाच जागा अडवतोय म्हणून तो त्यांनी सकाळीच लपवून टाकला होता. तो लपवला तेव्हा आस्थापनाचं खातं उघडं होतं, हे मात्र ते साफ विसरले.

मग मजकूर. तीस वर्षं परिपत्रकं लिहिलेला माणूस, त्याला दुसरी भाषा येणार कुठून?

'आपणांस कळविण्यात येते की, येत्या रविवारी दुपारी ठीक चार वाजता खालील पत्त्यावर उपस्थित राहावे. आपल्याशी दोन शब्द मोकळेपणाने बोलावयाचे आहेत. सदर बाब आपल्यापुरतीच ठेवावी.'

शेवटचं वाक्य, ज्यांना बोलावलं नव्हतं त्यांना वाईट वाटू नये म्हणून. खाली पत्ता. त्याच्या खाली सही आपोआप पडते. ती सही काकांनी गेल्या पाच वर्षांत वाचलेली नव्हती. दिलं पाठवून!

आता कंपनीत दोन महिने नोकरकपातीची कुजबुज चालू होती, हे तुम्हाला सांगायला हवं. पाचच मिनिटांत हिशेबनीस पाणी प्यायला उठले आणि पाणी न पिताच परत आले. गोदामवाल्यांनी चष्मा पुसला, घातला, पुन्हा पुसला. टायपिस्टताई मैत्रिणीशी एक शब्द न बोलता थेट स्वच्छतागृहात गेली. प्रत्येकाला वाटत होतं, गदा आपल्या एकट्यावरच आलीय!

काकांनी मात्र गोदामवाल्यांकडे बघून डोळा मिचकावला. "मग? रविवारी?"

"तुम्हाला... तुम्हाला माहीत आहे?"

"मला माहीत नसेल तर कुणाला असणार!"

गोदामवाले मटकन खाली बसले. काकांना वाटलं, गुडघे दुखत असतील बिचाऱ्यांचे.

सहा वाजेपर्यंत काका आपल्या खात्यात उत्तराची वाट बघत बसले. एकही आलं नाही. येणार कसं? उत्तरं आस्थापनाच्या खात्यात पडत होती, एकोणीस होती, आणि सगळीकडे एकच मजकूर: 'उपस्थित राहीन. कृपया सहानुभूतीने विचार व्हावा.' बाई त्या दिवशी रजेवर, त्यामुळे ती उघडायलाही कोणी नव्हतं. काका मान खाली घालून घरी गेले.

रविवारी त्यांनी एक लिटर दूध आणलं, मग स्वतःलाच हसले. कोण येतंय! चार वाजता त्यांनी एक कपाचं आधण ठेवलं.

बेल वाजली.

दारात गोदामवाले, इस्त्रीचा शर्ट, हातात फाईल. "काका, तुम्ही इथे? तुम्हालाही बोलावलंय?"

"अहो, मला कोण बोलावणार? या, या! आधी बसा. अगदी मोकळेपणानं बोला!"

गोदामवाल्यांचा धीर सुटला. "ते दोन टेबलफॅन ना, मीच नेले होते घरी. उन्हाळ्यापुरते! उद्या आणून ठेवतो. एवढं वर कळवा."

काकांना काहीच कळलं नाही, पण माणूस आपल्या घरी येऊन मन हलकं करतोय, याचंच त्यांना भरून आलं. "अहो, चालायचंच," असं म्हणून त्यांनी गोदामवाल्यांचा हात हातात धरला. तेवढ्यात पुन्हा बेल!

"मला कुणी बघता कामा नये!" म्हणत गोदामवाले न्हाणीघरात घुसले. बाहेर टायपिस्टताई. तिनं आत पाऊल टाकायच्या आधीच रडायला सुरुवात केली. "रोज वीस मिनिटं उशिरा येते, मान्य आहे. पण सासूबाईंचं सगळं आवरून यायचं असतं हो!" तिचे डोळे पुसून होतात न होतात तोच पुन्हा बेल, आणि ताई पडद्यामागे. हिशेबनीस आले ते जिन्यातच कुणाला तरी "मी दाताच्या डॉक्टरकडे आलोय" असं सांगत आले. तो दुसराही दाताच्या डॉक्टरकडेच आला होता. साडेचारपर्यंत काकांच्या दोन खोल्यांत एकवीस माणसं एकमेकांपासून लपून उभी होती! स्वयंपाकघरात पाच, गॅलरीत सहा, आणि न्हाणीघरात गोदामवाल्यांचा श्वास कोंडत होता. काका वेड्यासारखे पातेल्यामागून पातेलं चढवत होते आणि मनात काकूंना म्हणत होते, अगं, तू असायला हवी होतीस गं बघायला!

शेवटी आस्थापनाच्या बाई आल्या. पत्राची छापील प्रत काकांच्या नाकासमोर धरून ओरडल्या, "हा काय चावटपणा आहे? माझ्याच खात्यातून मलाच पत्र? मला काढायचं तर साहेबांनी समोर येऊन सांगावं!"

"काढायचं? कुणाला?" काका चहाची गाळणी हातात धरून उभे. "मी पाठवलं ते. चहाला बोलावलंय."

पडदा हलला, न्हाणीघराची कडी वाजली, गॅलरीचं दार उघडलं आणि एकवीस माणसं एकमेकांकडे बघत राहिली.

"चहाला?" हिशेबनीस किंचाळले. "मी दोन रात्री झोपलो नाही!"

"मी तर फॅन कबूल करून बसलो!" गोदामवाले म्हणाले आणि म्हटल्यावर जीभ चावली.

बाईंनी कागद पुन्हा वाचला. फ्रॉम, आस्थापना विभाग. खाली सही, आस्थापना विभाग. त्यांच्या तोंडाचा कोपरा हलला, आणि त्या अशा हसत सुटल्या की भिंत धरावी लागली. मग सगळेच! नोकऱ्या शाबूत होत्या, आणखी काय हवं? कप सहाच होते, म्हणून चहा पेल्यांतून, वाट्यांतून आणि मापाच्या भांड्यातूनही प्यायला गेला. तास-दीड तास त्या घरात कुणाचं बोलणं कुणाला ऐकू येत नव्हतं. काका नुसते या खोलीतून त्या खोलीत फिरत होते.

निघताना हिशेबनिसांनी बोट नाचवलं. "पुढच्या वेळी स्वतःच्या नावानं पाठवा. आणि ती लपवाछपवी नको, सगळ्यांची नावं उघड टाका. बघा, सगळे येतो की नाही!"

"येऊ की!" जिन्यातून एकवीस आवाज आले.

काकांनी तसंच केलं. बुधवारीच. फ्रॉमचा रकाना दिसता केला, स्वतःचं खातं निवडलं, तीन वेळा तपासलं. चोवीसच्या चोवीस नावं टूमध्ये, मानापमान नको म्हणून वयाच्या क्रमानं. मजकुरात 'कळविण्यात येते' काढून 'या, मला आनंद होईल' असं लिहिलं. ते वाक्य लिहायला त्यांना पाऊण तास लागला. दोन डझन कप आणले. शेजाऱ्यांच्या खुर्च्या मागून आणल्या.

रविवारी चारला आधण ठेवलं. पाचला गॅस बंद केला. सहाला पुन्हा लावला, कारण कुणी उशिरा येतं. साडेसातला खुर्च्या एकेक करून परत पोचवल्या. शेजारच्या वहिनींनी विचारलं, "झाला का कार्यक्रम?" काका म्हणाले, "झाला."

सोमवारी सकाळी जागेवर बसतात तोच गोदामवाले आले आणि काकांच्या टेबलावर बसूनच बोलायला लागले.

"काका, काल राहिलंच बघा यायचं. यादी बघितली, म्हटलं बाकीचे तेवीस जण आहेतच, आपण एक नसलो तर काय बिघडतं? झाली असेल ना झुंबड?"

मागून हिशेबनीस म्हणाले, "मीही तेच म्हटलं!"

टायपिस्टताई हसली. तीही तेच म्हणणार होती.

काकांनी संगणक चालू केला, पडद्याकडेच बघत राहिले.

"हो ना," ते म्हणाले. "बसायला जागा नव्हती."

"बघा! मग बरंच झालं आम्ही नाही आलो ते," गोदामवाले म्हणाले आणि खुशीत आपल्या जागेवर गेले.